पडद्याकडे पाठ असलेली खुर्ची

खेळ सुरू व्हायच्या आधी ते आपली घडीची लोखंडी खुर्ची उघडायचे, पडद्याच्या बाजूला नेऊन ठेवायचे आणि पडद्याकडे पाठ करून बसायचे. तोंड आपल्याकडे. चष्मा सदऱ्याला पुसून डोळ्यांवर चढवायचा, हात गुडघ्यांवर ठेवायचे, आणि पुढचे दोन तास पिक्चर सोडून माणसं पाहायची.

तळेगावच्या समाजभवनात मी हे पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीला राहवेना. ती उठून त्यांच्यापाशी गेली.

"भाऊ, तिथून तुमाले काहीच दिसनार नाई. इकडं या, माह्यापाशी बसा."

"दिसते ना, माय. तुमी दिसून राह्यल्या."

म्हातारी जागेवर येऊन बसली आणि पिक्चर संपेपर्यंत डोक्यावरचा पदर सावरत राहिली. त्या दिवशी तिनं पिक्चर किती पाहिला, देव जाणे.

मी नंतर त्यांना टोकलं. टोकणं हा माझा स्वभावच आहे. पुलगावच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे लोकांना वाटतं की नोकरीनं मी अशी झाले. तसं नाही, मी आधीपासूनच अशी आहे.

"साहेब, लोकांकडे असं टक लावून पाहणं बरं दिसतं का?"

"पिच्चर मी शंभर खेपा पाह्यला, बाई. तोंडं एकाच खेपेले पाहाले भेटतात."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढच्या आठ वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलं की कुणी त्यांना तो प्रश्न विचारला की मीच उत्तर देऊन मोकळी व्हायचे.

गल्लीत त्यांना सगळे साहेब म्हणत. नाव मी इथे लिहीत नाही. स्वतःच्या पिक्चरमध्येही ते आपलं नाव सगळ्यात शेवटी, चहावाल्याच्या खाली टाकत, आणि ते नाव येईपर्यंत लोक चपला शोधायला लागलेले असत. तेव्हा इथे ते वर आणून ठेवणं त्यांना आवडलं नसतं.

ते मूळचे पुलगावचेच. तरुणपणी मुंबईला गेले, एका मोठ्या चित्रपट कंपनीत चिकटले आणि चढत चढत इतके वर गेले की कुठला पिक्चर निघणार आणि कुठला नाही, हे त्यांच्या सहीवर ठरायचं. साठीच्या आसपास ते सगळं सोडून बहिणीच्या रिकाम्या घरात राहायला आले. ते घर माझ्या अगदी समोर. गल्लीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आता नट्या येणार, मोठमोठ्या गाड्या येणार. शेजारच्या पाटील वहिनींनी तर घराला नवा रंग लावून घेतला. आला एक टेम्पो, त्यात पुस्तकं, एक पंखा आणि ती लोखंडी खुर्ची. साहेब धुणं स्वतः वाळत घालायचे, तेही वाकडंतिकडं. रंग फुकट गेल्याचं दुःख वहिनींना बरेच दिवस पुरलं.

"प्रोड्यूसर म्हणजे नक्की करतो काय हो?" मी एकदा विचारलं.

"मंबईत नाई म्हनाचा पगार घेत होतो. सकाळपासून लोकं कथा घेऊन येत, अन् मी संध्याकाळपर्यंत नाई म्हनत बसो. आता हो म्हनतो. तं पगार बंद झाला."

मुंबईतला फ्लॅट विकून त्यांनी आपल्या जिल्ह्यातच पिक्चर काढायला सुरुवात केली. इथल्या माणसांचे, इथल्या बोलीतले, आणि काम करणारेही इथलेच. आपण पिक्चरचा निर्माता म्हटला की सिगार आणि सोन्याची साखळी डोळ्यांपुढे आणतो. मी पाहिलेला निर्माता सरपंचाला नमस्कार करायचा, वायरमनला फोन करून लाइट किती वाजता जाणार ते विचारून ठेवायचा, आणि दुपारी भाकरी सगळ्यांना पुरल्या का हे पाहून मग स्वतः जेवायचा. काही अडलं की एकच म्हणायचा, "होते. सगळं होते. चहा घ्या."

पहिल्या पिक्चरला एक भलतीच अडचण आली आणि तिचं मूळ मी निघाले.

पुलगावजवळच्या एका गावात विहिरीवरचा प्रसंग होता. दोन बाया पाणी भरता भरता भांडतात, एवढंच. निवडलेल्या दोघीही भांडणात गावभर नावाजलेल्या. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी त्या अशा बोलत होत्या की ऐकत राहावं. कॅमेरा सुरू झाला आणि दोघी ताठ उभ्या राहिल्या. "मला तुझा अत्यंत राग आला आहे," पहिली म्हणाली. दुसरीनं मान हलवून विचारलं, "तू असे का बरे बोलतेस?"

पुरुषांचीही तीच तऱ्हा. कॅमेरा दिसला की जो तो वर्गात उभा राहून धडा वाचल्यासारखा बोले. साहेबांनी दोन दिवस डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "यायले असं बोलाले शिकवलं कोनं?"

दोघींनी एकदम बोट दाखवलं. मी झाडाखाली चिवडा खात बसले होते. शेजारधर्म म्हणून शूटिंग पाहायला गेले होते मी. त्या दोघीही माझ्या विद्यार्थिनी. 'मला'ऐवजी 'मले' म्हटलं की हातावर पट्टी, 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं की बाकावर उभं. तीस वर्षं मी हे अगदी इमानानं केलं होतं.

मला वाटलं आता हा माणूस चिडेल. ते माझ्यापाशी आले आणि चिवड्यातली एक चिमूट उचलून म्हणाले, "बाई, तुमची नोकरी पक्की. जो पुस्तकातलं बोलन, त्याले पकडाचं."

अशी मी त्यांच्या कंपनीत लागले. कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसायचं आणि कुणी शाळेतलं बोललं की टोकायचं. पहिल्याच दिवशी मी त्या दोघींतल्या एकीवर ओरडले, "मंदा, घरी बोलतेस तशी बोल."

"बाई, मारसाल तं नाई ना?" मंदा म्हणाली. दोन पोरांची आई झालेली बाई, पण हात तिनं खरंच मागे लपवला होता. सगळे हसले. मीही हसले, पण घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

साहेबांचा एक नेम होता. पिक्चर तयार झाला की पहिला खेळ काम करणाऱ्यांसाठी आणि तोही त्यांच्याच भागात. मुंबई, नागपूर सगळं नंतर. त्या खेळात कुणाला स्वतःबद्दल काही खटकलं तर ते बदलायचं. "तोंड त्याचं आहे," ते म्हणायचे, "आपल्याले वापराले देल्लं फक्त."

दुसऱ्या पिक्चरच्या वेळी खेळ संपल्यावर एक जण उभा राहिला. त्याची तक्रार स्वतःबद्दल नव्हती. "साहेब, माहा बैल असा मरतुकडा नाई. तवा तो बिमार होता. लोकं म्हनतीन हा खाऊ घालत नाई." साहेब महिन्याभरानं कॅमेरा घेऊन परत त्याच्याकडे गेले. बैल आता चांगला भरला होता, शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळ. त्यामुळे त्या पिक्चरमध्ये एकाच दुपारी हा बैल गोठ्यातून बारीक निघतो आणि शेतात लठ्ठ होऊन पोचतो. नागपूरच्या एका जाणकारानं ही चूक दाखवून दिली.

"चूक आहेच," साहेब म्हणाले. "पन बैलवाला खूश आहे."

खेळ झाला की माझ्या ओट्यावर चहा ठरलेला. मी भाजी निवडत बसायचे आणि ते एकेक तोंड सांगायचे. तो मिशीवाला कसा बायकोकडे चोरून पाहत होता, ती लाल लुगड्याची म्हातारी कुठे रडली, रडायच्या जागी कोण जांभया देत होतं. पिक्चर चांगला झाला की वाईट, हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. फक्त तोंडं सांगत.

ही सवय लागली कशी, हे मात्र ते टाळायचे. एकदाच बोलले, केळझरला. तिसऱ्या पिक्चरसाठी जागा पाहायला गेलो होतो. गणपतीचं दर्शन घेऊन टेकडी उतरलो आणि शेवटच्या पायऱ्यांवर टेकलो.

"सुदामभाऊ आठवतात काय, बाई?"

पुलगावात त्या काळी राहिलेल्या कुणाला सुदामभाऊ आठवणार नाहीत? आमच्या टॉकीजची हाळी देणारे ते. सायकलरिक्षाला दोन्ही बाजूंनी पोस्टरं, मध्ये सुदामभाऊ, हातात पत्र्याचा भोंगा. "आज रोज तीन खेळ!" आवाज घोगरा, फाटका, पण चार गल्ल्या ओलांडून जाणारा. ते गल्लीत आले म्हणजे अकरा वाजले, घड्याळ पाहायची गरज नसे. गावातल्या नाटकांत कामंही छान करत. साहेब लहान असताना त्याच रिक्षामागे धावलेले.

"मंबईत अधिकार हातात आल्यावर मी पहिले त्यायले बोलवलं," साहेब सांगत होते. "चार प्रसंगांचं काम देल्लं. त्यायनं उत्तम केलं. मंग एक दिवस बंद खोलीत बसून आवाज ऐकला, अन् मले भेव वाटलं. असा घोगरा आवाज, असं बोलनं, मोठ्या शहरातल्या लोकायले रुचन काय? मी कागदावर एक ओळ लिहिली. आवाज बदलावा. खाली सही केली."

दुसऱ्या कुणाचा तरी भरदार आवाज सुदामभाऊंच्या तोंडात बसवला गेला. त्यांना ते कळवायचं राहून गेलं.

पुढचं मला ठाऊक होतं, कारण मी तिथे होते. पिक्चर पुलगावला लागायच्या आधी सुदामभाऊंनी आठ दिवस त्याची हाळी दिली. "आपल्या गावचा मानूस पडद्यावर! आज रोज तीन खेळ!" पहिल्या खेळाला नवा सदरा घालून, बायकोला आणि मुलीला घेऊन ते बसले. साहेब मुंबईहून आले होते. सत्कार व्हायचा म्हणून त्यांना पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून खुर्ची दिली होती. सुदामभाऊ पडद्यावर दिसले तशा शिट्ट्या झाल्या. मग त्यांनी तोंड उघडलं आणि आतून बातम्या देणाऱ्यासारखा आवाज निघाला. ज्या गावानं त्यांचा आवाज रोज ऐकला होता, ते गाव आधी चूप झालं आणि मग हसलं. असं हसलं की बाकडी हलली. मागून कोणीतरी ओरडलं, "सुदाम्या, गळा कोनाले देल्ला रे?"

"सारं टॉकीज हसत होतं," साहेब म्हणाले, "अन् त्यायचं तोंड माह्या बराबर समोर होतं. तवापासून पडद्याकडं पाहून बसाच होत नाई."

मी थोडा वेळ पायरीवरची माती बोटानं उकरत बसले. मग बोलले, कारण न बोलता तिथून उठणं मला जमलं नसतं.

"साहेब, मी होते त्या खेळाला. मीपण हसले होते."

"मालूम आहे. तिसऱ्या रांगेत, नवऱ्याच्या बाजूनं. हिरवी साडी होती."

म्हणजे समोर राहायला आले त्या दिवसापासून या माणसाला माहीत होतं. माहीत असून माझ्या ओट्यावर चहा पीत होते. मला इतकी लाज वाटली की मी उलट त्यांच्यावरच घसरले. "मग नोकरी त्याच दिवशी का नाही सोडली तुम्ही?"

"नाई ना सोडली. पगार चांगला होता. अजून कितीक वर्षं तिथंच बसून राह्यलो." ते उठले आणि पॅन्ट झटकली. "हा पिच्चर त्यायच्यासाठी आहे, बाई. त्यायच्याच आवाजात. एक खेप पुलगावात ऐकू आला पाह्यजे. मंग मी मोकळा."

कथा साधीच होती. एक म्हातारा नातीच्या लग्नाचं बोलावणं द्यायला गावोगाव पायी फिरतो. म्हातारा म्हणजे सुदामभाऊ, दुसरा कुणी चालणार नव्हता. पण सुदामभाऊंनी त्या खेळानंतर भोंगा माळ्यावर टाकला होता. टॉकीजनं हाळीसाठी कॅसेट आणली, पुढे टॉकीजच बंद पडलं. ते स्टेशनपलीकडे, बुद्धविहाराच्या मागे राहत, आणि घरातही मोजकंच बोलतात असं लोक सांगत. त्यांची मुलगी वंदना अंगणवाडीत शिकवते. तीही माझीच विद्यार्थिनी. तिच्या ओळखीवर आम्ही गेलो.

साहेबांनी काही लपवलं नाही. कागद, ती ओळ, सही, सगळं सांगितलं. सुदामभाऊ भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकत होते.

"माहा आवाज तं मंबईले राह्यला," ते म्हणाले. "तिकडूनच घेऊन या." आणि आत निघून गेले.

त्यानंतर साहेब दर रविवारी जायला लागले आणि त्यांच्यासोबत मी. वंदना चहा द्यायची, सुदामभाऊ एक शब्द बोलायचे नाहीत, आम्ही कप ठेवून परत यायचो. सहाव्या का सातव्या रविवारी ते आपणहून बोलले.

"साहेब, तुमी माफी मांगाले येता का पिच्चर मांगाले? दोनातलं एक मांगा."

कॅमेरावाला ठरला होता, गावं ठरली होती, वर्षभराची धावपळ या एका माणसावर उभी होती. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, साहेब, नीट विचार करून बोला.

"माफी," साहेब म्हणाले.

"देल्ली," सुदामभाऊ म्हणाले. "आता येत नोका जाऊ."

परतताना रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत आम्ही उभे होतो. ती गेल्यावर साहेब म्हणाले, "होते, बाई. असंबी होते." घरी पोचून त्यांनी कॅमेरावाल्याला पिक्चर होत नाही असं कळवलं, आणि मग चार महिने हा माणूस सकाळी पेपर वाचायचा, माझ्या तुळशीला पाणी घालायचा आणि दुपारी झोपायचा. मी धुमसत होते. एवढं सगळं जमवून एका शब्दावर घालवलं, म्हणून मी त्यांना घालूनपाडून बोललेसुद्धा. वीस वर्षं ते 'माफी' हा एकच शब्द घेऊन फिरत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस मी कणीक मळत होते आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. पातळ झालेला, मध्येच तुटणारा, पण तोच. हात तसेच घेऊन मी बाहेर आले. वंदनाच्या स्कूटीवर मागे सुदामभाऊ बसलेले, हातात भोंगा, चिंचेनं घासल्यासारखा लख्ख. साहेबांच्या दारासमोर स्कूटी थांबली. सुदामभाऊंनी भोंगा तोंडाला लावला.

"प्रोड्यूसर साहेब घरी आहेत काय?"

सगळी गल्ली दारात आली. पाटील वहिनीही आल्या. साहेब बाहेर आले आणि पायरीवरच बसले.

"दोन गोष्टी आहेत," सुदामभाऊ भोंगा खाली घेऊन म्हणाले. "पिच्चरची हाळी मीच देईन. अन् बोलता बोलता मले खोकला आला, तं तो कापाचा नाई."

"काऊन आले तुमी, भाऊ?" साहेबांनी विचारलं.

"माफी मांगून जो पिच्चर सोडून देते, तो आवाज नाई कापत. येवढं समजते मले."

त्या हिवाळ्यात पिक्चर झाला. मी नेहमीसारखी स्टुलावर होते, पण सुदामभाऊंपुढे मला कामच नव्हतं. त्यांना मी शिकवलेलं नव्हतं ना. एका प्रसंगात म्हातारा भांडून वेगळ्या राहिलेल्या भावाच्या दारात जातो. लिहिलेलं भाषण लांबलचक होतं. सुदामभाऊ दारात उभे राहिले, खोकले, भावाकडे पाहिलं आणि स्वतःच्या मनानं म्हणाले, "लग्नाले नोको येजो. जेवाले येजो." आणि वळून चालायला लागले. साहेबांनी लिहिलेलं भाषण तिथेच फाडून खिशात घातलं.

पिक्चर पुरा व्हायच्या आधीच मुंबईहून फोन आला. साहेबांच्याच जुन्या कंपनीतून. कुणी नवा तरुण अधिकारी होता, त्यानं काही तुकडे पाहिले होते. फोन ओट्यावर मोठ्या आवाजात लावलेला, म्हणून मीही ऐकला.

"सर, फार सुंदर झालंय. आम्ही घेतो. फक्त त्या आजोबांचा आवाज तेवढा प्रेक्षकांना झेपणार नाही. दुसरा लावू या."

मुलगा नम्र होता, वाईट हेतूनं बोलत नव्हता. साहेबांना राग आला नाही. ते हसले. "बेटा, तुझ्या खुर्चीवर बसून मीही हेच म्हणालो होतो. नाही जमणार." फोन ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाले, "नाई म्हनाची सवय एकदाची कामी आली." त्यानंतर तो पिक्चर घ्यायला दुसरं कुणी आलं नाही. आजही आलेलं नाही.

पहिल्या खेळाचा दिवस ठरला. टॉकीज नाही म्हणून मंगल कार्यालय घेतलं. आवाजाचं शेवटचं काम करायला साहेब नागपूरला गेले, ते काम उरकलं आणि तिथेच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. वंदना आणि मी दवाखान्यात गेलो तेव्हा ते उशाला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला.

"खेळ पुढं ढकलू नोका. सुदामभाऊचं वय झालं," ते म्हणाले. "खुर्ची माह्या खोलीत आहे. बाई, मी नाई आलो तं तोंडं पाहून ठेवजा."

"तुमची तोंडं तुम्हीच पाहा. मी काय नोकर आहे का तुमची?" मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते गेले. माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं ते असं. त्यांना माझी जीभ ठाऊक होती, ते मनाला लावून घेणारे नव्हते, हे सगळं मी स्वतःला समजावते. तरी ते वाक्य मला परत घ्यायचं आहे आणि आता ते घेता येत नाही.

खेळाच्या दिवशी अकरा वाजता सुदामभाऊ रिक्षात बसून निघाले. "आपल्या साहेबाचा पिच्चर! आज रोज एक खेळ! दुपारी तीन!" गल्ल्या थांबल्या. म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली. पावणेतीनला मंगल कार्यालय भरलं, खिडक्यांना काळं कापड लावलं. वंदनानं खुर्ची आणून पडद्याच्या बाजूला ठेवली होती, आणि कुणीतरी तिला हार घातला होता. सुदामभाऊ पुढे गेले आणि त्यांनी हार काढून बाजूला ठेवला.

"खुर्चीले हार नोको. खुर्ची बसाले आहे. बाई, बसा तुमी."

मी बसले. पडद्याकडे पाठ, समोर सारं पुलगाव. अंधारात पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडांवर हलत होता. मला तोपर्यंत वाटायचं की साहेब लोकांना तपासतात. तसं नसतं ते. तिथे बसलं की लोकांची भीती वाटते.

सुदामभाऊ तिसऱ्या रांगेत होते, नवा सदरा, शेजारी वंदना. माझ्या पाठीमागून त्यांचा आवाज पहिल्यांदा आला, आणि त्यांनी मान खाली घातली. गुडघ्यांकडे पाहत राहिले. गाव चूप होतं. बराच वेळ असंच चाललं. मग मागे भावाच्या दारातला प्रसंग आला हे मी आवाजावरून ओळखलं. खोकला ऐकू आला.

"लग्नाले नोको येजो. जेवाले येजो."

आणि गाव हसलं. खुर्च्या हलल्या इतकं हसलं.

सुदामभाऊंनी वंदनाचं मनगट धरलं. डोळे मिटले, जबडा आवळला, खांदे आत घेतले. साहेबांना वीस वर्षं ज्यानं पडद्याकडे पाहू दिलं नाही, ते तोंड मी पाहिलं. त्या वेळी टॉकीजमध्ये मीही हसत होते म्हणून ते मला दिसलं नव्हतं.

मग त्यांनी डोळे उघडले. वळून मागच्या रांगेकडे पाहिलं, तिच्या मागच्या रांगेकडे पाहिलं. लोक पडद्यावरच्या म्हाताऱ्याचं बोलणं एकमेकांना परत म्हणून दाखवत होते आणि डोळे पुसून हसत होते. सुदामभाऊ पुढे वळले. आधी त्यांचे खांदे हलले, मग तेही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. सगळ्या कार्यालयात मी एकटीच हसत नव्हते. त्यांनी हात वर केला आणि खुणेनं सांगितलं, हसा ना, बाई.

त्या जुन्या खेळाला मी हसले होते हे त्यांना माहीत आहे का, मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. मी हसले. रडलेही, पण त्यांनी सांगितलं म्हणून आधी हसले.

संध्याकाळी खुर्ची घडी करून घरी आणली आणि ओट्यावर ठेवली. समोरच्या घराला कुलूप होतं. चहा दोन कप केला, सवयीनं. भाजी निवडायला घेतली आणि एकेक तोंड सांगायला लागले. पाटील वहिनी त्यांच्या दारातून पाहत होत्या. पाहू दे म्हटलं, आणि तिसऱ्या रांगेपासून सुरुवात केली.